दुष्काळात टाकळा कुठून येणार?

‘बहात्तरच्या दुष्काळात माणसं रानभाज्या खाऊन जगली’ हे ऐकत मोठा झालो. नोकरीसाठी ठाण्याहून चाकणला आलो, खराबवाडीत खोली घेतली आणि घरमालकांच्या आईंना म्हटलं, ‘‘आजी, त्या भाज्या मला दाखवा ना.’’ आजींचं माहेर खेड तालुक्याच्या पश्चिमेला, डेहण्याकडे. १९७२ साली त्या परकरात होत्या.

पाऊस लागल्यावर त्यांनी मला एमआयडीसीतल्या मोकळ्या प्लॉटवर नेलं. मला जिकडेतिकडे गवतच दिसत होतं. त्या भराभर दाखवत गेल्या. टाकळ्याला पानांच्या तीन जोड्या, संध्याकाळी मिटणाऱ्या. कुर्डू तुरा यायच्या आत खुडायचा. नाल्याकाठी घोळ छान तरारलेली दिसली म्हणून मी वाकलो, तर ओरडल्या, ‘‘ती नको! कंपन्यांचं पाणी पिऊन वाढलीय ती.’’

‘‘दुष्काळात हेच खायचात?’’ मी विचारलं.

‘‘आरं, पाऊसच न्हाय तर टाकळा उगवंल कुठनं?’’

मी गोंधळलो. इतकी साधी गोष्ट, पण मला कधी सुचली नव्हती. पालेभाजी पावसाची. दुष्काळात हाती लागतं ते झाडावरचं नाहीतर जमिनीखालचं. आजी सांगत गेल्या : उंबरं, भाजून भिजवलेले चिंचोके आणि कडूकंद. हा कंद नुसता उकडून खाल्ला तर विषबाधा होते. त्याच्या पातळ चकत्या करायच्या, राख घालून शिजवायच्या, मग टोपलीत भरून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायच्या. तेव्हा कुठे कडूपणा उतरतो.

‘‘आणि ओढा आटला तर?’’

‘‘मग कंद असून नसल्यासारखाच.’’

म्हणजे रानातलं फुकटचं अन्न फुकट नव्हतंच. त्याला सरपण, पाणी आणि बायकांचे हात लागत, आणि एवढं करून एका वेळचं भागे. आजींच्या घरच्यांना खरा आधार झाला तो दुष्काळी कामाचा. मोठी माणसं खडी फोडायला जायची. कामावर सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक आहार मिळायचा, रेशनवर अमेरिकेहून आलेला लाल मिलो, म्हणजे ज्वारी. त्या मिलोच्या भाकरीचं नाव काढलं की आजी आजही तोंड वाकडं करतात. पण पोटात गेली ती तीच. त्याच दुष्काळात हातपाय पसरलेल्या रोजगार हमीचा १९७७ साली कायदा झाला आणि पुढे २००५ च्या देशव्यापी कायद्याला तिचाच धडा मिळाला.

रान भुकेला हातभार लावतं; माणसं जगवायला काम आणि धान्यच लागतं. रानभाज्यांचं कौतुक करताना एवढं विसरू नये. नाल्याकाठचा पाला खुडू नका, जाणकार सोबत नसेल तर कोणताही कंद तोंडात घालू नका. आणि बहात्तर पाहिलेलं कुणी घरात असेल, तर काय खाल्लं, ते कसं शिजवलं हे आत्ताच विचारून लिहून ठेवा.