नातीचा पेपर आणि माझा



दिवाळीची साफसफाई करताना सुनेला लेकीच्या गादीखाली घडी घातलेला एक पेपर सापडला. बारावी कॉमर्स, सहामाही, अर्थशास्त्र. ८० पैकी २१. पुढे घरात काय झालं ते सांगायला नको. मुलगा म्हणाला, "एवढा सोपा विषय! नुसतं पाठ तर करायचं असतं." नात रडत होती आणि मी समोरची भाजी निवडत गप्प बसले होते.

गप्प बसायला कारण होतं. १९८० साली बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला मी याच विषयात नापास झाले होते. सगळ्या व्याख्या तोंडपाठ होत्या, तरी नापास. वडील म्हणाले, झालं तेवढं शिक्षण पुरे, आता स्थळं बघू. आई चौथी शिकलेली. तिनं एवढंच म्हटलं, "ऑक्टोबरची परीक्षा होऊ दे, मग बघा." लग्नानंतर हे मी सासरी कुणाला सांगितलं नाही. पदवी मिळाली होती, मधला खड्डा कशाला दाखवायचा!

त्या चार महिन्यांत आईनं मला शिकवलं, म्हणजे खरं तर विचारलं. दुपारी गहू निवडायला बसली की म्हणायची, "आज काय वाचलंस ते सांग." मी व्याख्या घडाघडा म्हणायची. ती सुपावरून मान वर करून विचारायची, "म्हणजे काय गं?" आणि तिथंच माझी गाडी अडायची. पुढे तत्त्वार्थसूत्राच्या स्वाध्यायात कळलं की स्वाध्यायाच्या पाच प्रकारांत वाचनाच्या पाठोपाठ पृच्छना येते, म्हणजे शंका विचारणं. मग अनुप्रेक्षा, मनात घोळवणं. पाठ म्हणण्याचा आम्नाय त्याच्याही नंतर. आम्ही मुली थेट चौथ्या पायरीवर उडी मारत होतो.

रात्री नातीच्या खोलीत गेले आणि माझी गोष्ट तिला सांगितली. तिचं रडं थांबलं. मग म्हटलं, सगळ्यात जास्त कुठं अडतं ते दाखव.

तिनं मागणीचं प्रकरण काढलं. मागणीतला संकोच आणि मागणीतला ऱ्हास. दोन्हींत मागणी कमीच होते, मग फरक काय? पेपरात तिनं दोन्हीकडे एकच आकृती काढली होती, तीही किंमत आडव्या अक्षावर घेऊन. मी विचारलं, "टोमॅटो वीसचे साठ रुपये किलो झाले की तुझी आई काय करते?" म्हणाली, "किलोऐवजी पाव किलो आणते." "का?" "महाग झाले म्हणून." हा संकोच. बाकी सगळं तेच आहे, फक्त किंमत वाढली, म्हणून त्याच रेषेवरून आपण वर सरकलो.

"आता चातुर्मासात आपल्या गल्लीत मेथीच्या किती पेंड्या खपतात?"

ती हसलीच. "एकपण नाही! पालेभाजी सोडलेली असते ना."

"आणि भाजीवाल्या मावशींनी दर तोच ठेवला तर?"

"तरी कोण घेणार, आज्जी?" एवढं बोलून ती थांबली. पेन्सिल घेतली, किंमत उभ्या अक्षावर घेतली आणि पहिल्या रेषेच्या डावीकडे दुसरी रेषा ओढली. किंमत तीच, पण आवडनिवड, व्रत, उत्पन्न असं दुसरंच काहीतरी बदललं, म्हणून अख्खी रेषाच सरकली. हा ऱ्हास. मला सांगावं लागलं नाही.

निर्देशांकाला माझी जमाखर्चाची वही कामी आली. सूत्र पाठ होतं, पण भागाकार उलटा व्हायचा. तेल, तूरडाळ, साखर, गहू यांच्या दरांची मागच्या वर्षीची बेरीज ४०० धर, यंदाची ४६०. यंदाच्या बेरजेला मागच्या बेरजेनं भागून १०० नं गुणलं की ११५. म्हणजे पंधरा टक्के महागाई. उलटं केलंस तर उत्तर शंभराच्या खाली येईल, म्हणजे स्वस्ताई झाली! "आईला जाऊन सांग बरं स्वस्ताई झाली म्हणून," असं म्हटल्यावर पुन्हा ती चूक नाही झाली.

मग तीच मला विचारायला लागली. एकदा म्हणाली, "आज्जी, एकापाठोपाठ आंबे खाल्ले की पुढच्या आंब्याची गोडी घटत जाते, हे पटतं. पण या नियमाच्या अपवादांत पैसा का दिलाय? कंजूष माणूस का दिलाय?" मी म्हटलं, दशलक्षणात उत्तम शौच धर्माच्या दिवशी महाराज लोभावर बोलले होते ते आठव. पण पेपरात लोभ कषाय लिहू नकोस हं, मार्क पुस्तकातल्या उत्तरालाच मिळतात!

सगळं काही सुधारलं नाही. 'सहमत आहात की नाही' या प्रश्नांत ती अजून कारणं पाल्हाळ लावून लिहिते आणि शेवटचा प्रश्न अर्धा राहतो. आता रोज घड्याळ लावून एक प्रश्न सोडवतो. पूर्वपरीक्षेत ४४ आले. तो पेपर तिनं स्वतः आणून बापाच्या हातात दिला आणि त्याच भरात माझं गुपितही फोडलं.

जेवणाच्या पाटावर शांतता. आमचे हे माझ्याकडे बघतच राहिले. "नापास झाली होतीस? चाळीस वर्षांत एकदा तरी बोलायचं!"

"तुम्ही कधी विचारलंत?" म्हटलं, आणि सूर्यास्ताला वेळ थोडाच राहिला होता म्हणून आमटी वाढायला घेतली.