मळ नव्हे

आमच्या भालकी तालुक्यात सोयरीक जमवताना अजूनही एक प्रश्न हमखास येतो : तुमचा ऊस कुठं जातो? हुंजीच्या महात्मा गांधी कारखान्याला की इमामपूरच्या नारंजाला? कारंजा आणि मांजरा या नद्यांच्या पाण्यावर आमच्या काळ्या रानात ऊस उभा राहिला आणि त्याच्याबरोबर घराघरात गोड मुरलं. पाहुण्याला फिका चहा देणं म्हणजे त्याला उठून जा म्हणण्यासारखंच. मी मराठी शाळेत मास्तर. स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीत येणारा चहा साखर टाकून उकळलेलाच असतो, कमी करायची सोयच नाही.

माझी मान काळी पडलीय हे मला न्हाव्यानं सांगितलं. मागचे केस काढताना त्यानं ओल्या टॉवेलनं मान पुसली, पुन्हा पुसली आणि म्हणाला, "सर, हे मळ नव्हं. कातडंच जाड झालंय. ब्लीच मारू का?" आरशापुढं आरसा धरून त्यानं दाखवलं. कॉलरच्या रेषेवर काळसर, मखमली पट्टा होता, मधे दोन-चार बारीक चामखिळी. बायको त्याआधीपासून म्हणत होती, पण ती उन्हाचं म्हणत होती. बीदरचं ऊन कुणाला सोडतं?

बीदरला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा मलम लिहून मिळेल अशी अपेक्षा होती. त्यांनी मानेकडे पाहिलं, काख पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, "चहा किती होतो?" मग पोटाचा घेर मोजला. मलम नाही, रक्ताची चिठ्ठी दिली. एचबीएवनसी ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ पासून पुढं मधुमेह. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १०.१ कोटी लोक मधुमेही आणि १३.६ कोटी उंबरठ्यावर असल्याचा अंदाज दिला होता. त्या दुसऱ्या रांगेत मी उभा होतो, आणि रांग लागलीय हे मला माहीत नव्हतं.

कन्नड, दखनी आणि मराठी एकाच वाक्यात मिसळून डॉक्टर बोलत होते, आणि समजावत होते छान. सतत गोड आणि पिठूळ खाणं, वाढतं पोट, बसून काम, त्यात घराण्याचा वारसा. यामुळं शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. रक्तात भरून राहिलेलं हे इन्सुलिन त्वचेच्या पेशींनाही वाढा म्हणून सांगतं. पेशी वाढतात, थर जाड होतो, काळा दिसतो. मान, काख, जांघ इथं आधी. त्याला अकॅन्थोसिस निग्रिकन्स म्हणतात. मानेवर दिसतं, पण दुखणं मानेचं नसतं.

माझ्याबरोबर थोरले काका आले होते. त्यांचा मधुमेह जुना. डॉक्टरांनी त्यांना सहज म्हटलं, "आजोबा, नमस्कार करा बघू." काकांनी हात जोडले. मनगटं जुळली, बोटांची टोकं जुळली, पण बोटांचा मधला भाग एकमेकांना टेकेना. काका म्हणाले, "विठोबापुढंबी असंच होतंय, वय झालं." वय नव्हे, डॉक्टर म्हणाले. रक्तात जादा साखर राहिली की ती प्रथिनांना चिकटते. एचबीएवनसी म्हणजे तरी काय, हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेचं मोजमाप. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून त्यातून मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब कळतो. त्वचेतलं कोलॅजेन मात्र वर्षानुवर्षं बदलत नाही. त्याला साखर चिकटली की त्याचे धागे एकमेकांत गुंततात, ताठर होतात. कातडी आपली लवचीकता गमावते, सुरकुत्या लवकर पडतात, आणि मधुमेह जुना असेल तर बोटंही आखडतात. साखर आणि प्रथिनांची ही जवळीक फ्रान्सच्या लुई कामीय मायार यांनी १९१२ मध्ये मांडली. तापल्या तव्यावर पोळीला खरपूस तांबूस रंग येतो तो याच प्रक्रियेनं. तव्यावर मिनिटात होतं, अंगात त्याला वर्षं लागतात.

चेहऱ्याला लावायच्या क्रीमवर महिन्याला शेकडो रुपये घालवणाऱ्यांनी काकांचा तो नमस्कार बघायला हवा होता.

घरी आल्यावर वाद पेटला तो गुळावरून. साखर वाईट हे आईला पटलं, कारण साखर कारखान्याची. गूळ आपल्या गुऱ्हाळाचा! कढईतून नुकता उतरलेला गरम गूळ आणि भाजलेल्या शेंगा, यापुढं अमृत काय ते. पण गुळातही बहुतेक साखरच असते. थोडं लोह, थोडे क्षार जास्त, एवढाच फरक. रक्तातली साखर तो चढवतोच. काकवीचं तेच, मधाचं तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेनुसार वरून घातलेल्या साखरेची ऊर्जा दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांखाली हवी, पाच टक्क्यांखाली आली तर अधिक बरं. पाच टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, सहा लहान चमचे. आमच्याकडे हा कोटा दुपारच्या आधीच संपतो.

मी चहातली साखर टप्प्याटप्प्यानं काढली. स्टाफरूमचा चहा बंद केला, घरून फिका नेऊ लागलो. सहकारी म्हणायचे, "सर, शुगर झाली का?" नाही म्हटलं तर त्यांना कोडं पडायचं, कामून मग हे सोंग? आळंदला दिलेली बहीण सणाला आली की गुलबर्ग्याची मालपुरी आणते. (कागदावर २०१४ पासून कलबुर्गी झालं, पण आमच्या तोंडी गुलबर्गाच.) तिला नाही म्हणता येत नाही. अर्धी घेतो. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, रानात कडब्याच्या कोपीपुढं पंगत बसते. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबिल आणि गव्हाची गुळातली खीर. मी भज्जी दोनदा घेतो आणि खीर एक वाटी. तूरडाळ, पालेभाजी, ज्वारीची भाकरी हे आमचं रोजचं जेवण मुळात चांगलं. पण भाकरी किती, हेही डॉक्टरांनी विचारलंच.

पहिला फरक कातडीत दिसला तो मानेवर नाही. काखेत अधूनमधून येणारी गळवं थांबली. रक्तात साखर चढलेली असली की गळवं आणि बुरशी लवकर धरतात आणि जखम उशिरा भरते. मान हळूहळू निवळली, वजन उतरलं तशी. पूर्ण गेली नाही. आकडा ५.८ वर आला. चामखिळी आहेत तिथंच आहेत.

आता वर्गात फिरताना नजर आपोआप मुलांच्या मानेवर जाते. आठवीतली एक मुलगी भर उन्हाळ्यात गळ्याभोवती ओढणी गुंडाळून बसायची. पोरं तिला चिडवत. तिच्या आईला बोलावलं. ती आधीच वैतागलेली. "सर, रोज घासते मी. वजरीनं घासते. कातडं निघायलं, पर मळ निघंना." मी म्हणालो, "ताई, ती वजरी टाचेची. मानेवर मळ नाहीच." पोरगी डब्याऐवजी क्रीमची बिस्किटं खायची, वर थंड पेयाची बाटली. २५० मिलिलिटर कोल्यात २५ ग्रॅमच्या आसपास साखर असते. म्हणजे दिवसाची मर्यादा एका बाटलीत. तपासणीत मधुमेह निघाला नाही, पण डॉक्टरांनी वजनाकडे आणि अनियमित पाळीकडे लक्ष द्यायला सांगितलं. मुलींमध्ये या दोन गोष्टी आणि काळी मान बऱ्याचदा एकत्र येतात. २०२५ मध्ये सीबीएसईनं आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितलं. आमची शाळा त्या मंडळाची नाही, तरी मी व्हरांड्यात एक तक्ता लावलाय. त्यात गुळाची ओळही आहे. ती पुसून टाका असं एका पालकांनी मला सांगून झालंय.

तुमच्या घरात कुणाच्या मानेवर असा काळा, जाडसर पट्टा दिसला, विशेषतः लेकरांच्या, तर वजरी, लिंबू, ब्लीच यांतलं काही लावू नका आणि दुकानातून गोरं करणारं मलमही आणू नका. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात रक्तातली साखर तपासतात. आधी तिथं जा.