तिखट ही चव नव्हे

आम्हा जैनांच्या घरी कांदा-लसूण नसतो, पण मिरचीवाचून पान हलत नाही. अमरगोळला तर ब्याडगी हाताशीच. रंगाला गर्द, तिखटाला बेताची. तरी वर्षाचं तिखट कुटायला काढलं की अख्खी गल्ली शिंकते.

पाठशाळेत आपण पाच रस घोकले : तिखट, कडू, तुरट, आंबट, गोड. हे रसना इंद्रियाचे विषय. शीत, उष्ण वगैरे आठ स्पर्श वेगळे. विज्ञान मात्र तिखटाला रसनेकडून काढून स्पर्शनाच्या पदरात टाकतं. अमेरिकेतल्या डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये मज्जातंतूंच्या टोकावरचा एक रिसेप्टर दाखवला. २०२१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. सुमारे ४३ अंशांपुढच्या उष्णतेनं हा रिसेप्टर उघडतो, आणि मिरचीतल्या कॅप्सेसिननंही. म्हणून तर मिरच्या निवडल्यावर हात जळतात. हाताला कुठं जीभ असते? निरोप तंतूतून पाठीच्या कण्यापर्यंत जातो; तिथं ग्लुटामेटसारखे न्यूरोट्रान्समीटर तो पुढच्या पेशीला देतात. मेंदू म्हणतो, भाजलं! भाजलेलं काही नसतं, वेदना मात्र खरी.

हे मला सासूबाईंच्या नागिणीनं शिकवलं. फोड तीन आठवड्यांत वाळले, पण आग सहा महिने राहिली. पदर लागला तरी कळवळायच्या. भेटायला आलेल्या म्हणत, "कातडी तर स्वच्छ आहे, आता कसलं दुखणं? भोग आहे, सोसा." सासूबाई बोलायच्याच बंद झाल्या.

डॉक्टरांनी सांगितलं, लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो. म्हातारपणी जागा झाला की तंतूलाच जखम करतो. गोळ्यांबरोबर त्यांनी मलम दिलं, तेही कॅप्सेसिनचं! मिरचीवर मिरचीच! ते रोज लावलं की तंतूंची टोकं थकून गप्प होतात. हातमोजे घालून मी लावायची. आधी आग वाढली, मग हळूहळू उतरली. (घरातली मिरची मात्र कुणी चोळू नका.)

पण सासूबाईंचा चेहरा खुलला तो त्याआधीच, "आजी, तुमचं दुखणं खरं आहे," असं डॉक्टर म्हणाले तेव्हा.

मैत्रिणींनो, एका बाजूला पट्ट्यानं फोड उठले तर पहिल्या तीन दिवसांत डॉक्टर गाठा. औषध तेव्हाच चांगलं लागू पडतं. आणि फोड गेल्यावरही कुणी "आग होते" म्हणालं, तर आधी त्यांचं ऐकून घ्या.