पाण्याचे कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये म्हणतात. आम्हां महालकरांना विचारावे लागतच नाही. नाग नदीत काय काय मिसळले आहे, ते वारा घरपोच सांगून जातो.

शेजारच्या काकांचा वाडा पाडून तिथे इमारत उठते आहे. भर मे महिन्यात स्लॅबवर मातीची आळी करून चक्क पिण्याचे पाणी तुंबवले होते. इकडे नळाची धार करंगळीएवढी. मी म्हटले, "काका, बांधकामाला शुद्ध केलेलं सांडपाणी चालतं म्हणे."

काका दचकले. "काय बोलून राहिला बावा! त्या पाण्याची भिंत? अन् वास्तुशांत कशी करायची मग?"

आता सिमेंटला सोवळे नसते, हे काकांना कसे सांगावे? भारतीय मानक ४५६ (सन २०००) पाण्याचे कूळ विचारत नाही, गुणपत्रिका मागते. सामू ६ च्या खाली नको. सळईच्या काँक्रीटला क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत हवे, नाहीतर सळई गंजते. शंका वाटली तर परीक्षा घ्यायची: या पाण्याचे ठोकळे २८ दिवसांनी यंत्रात दाबायचे, ऊर्ध्वपातित पाण्याच्या ठोकळ्यांच्या निदान ९० टक्के ताकद भरली, की पास. बी.कॉम.ला पास होण्याचा हा नियम असता, तर मी आज बँकेत नसतो! उलट नैवेद्याची साखर थोडी जास्त पडली, तर काँक्रीट लवकर घट्टच होत नाही.

शिवाय सोवळे आधीच मोडले आहे. भांडेवाडीत शुद्ध केलेले आपलेच सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जाते; प्रकल्पाची क्षमता रोज १३ कोटी लिटर. तिथली वीज काकांच्या देवघरातल्या दिव्याला बिनतक्रार चालते. मार्च २०२४ मध्ये टंचाईने हैराण झालेल्या बंगळुरूने तर बांधकामाला पिण्याचे पाणी वापरायलाच बंदी घातली.

हिशेब सोपा आहे. घनमीटरभर काँक्रीट कालवायला दीडशे ते दोनशे लिटर पाणी लागते, म्हणजे पन्नास माणसांची दिवसाची तहान. पुढे सात-दहा दिवस ते भिजवायचे, ते पाणी वेगळेच. भिंतीला तहान लागत नाही. तिला फक्त घट्ट व्हायचे असते.

काकांनी सगळे ऐकले, नळाकडे पाहिले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "वापरू दे बावा. पण कोणी विचारलं, तर बोरिंगचं आहे म्हणून सांगायचं!"