खणण्याआधी विचारा

खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत. 14 मधल्या चौकात, उरलेल्या 16 तीन भुजांवर, आसपासच्या गावांच्या रानांत. टोकाच्या अँटेनांमधलं अंतर 25 किलोमीटरपर्यंत जातं. तिथला संदेश नियंत्रण इमारतीत येतो तो जमिनीखालच्या ऑप्टिकल फायबरने. इतक्या अंतरात तांब्याच्या तारेत संदेश मावळतो. वायरलेस लावावं, तर त्याचाच गोंगाट अँटेना ऐकत बसतील.

काचेतून प्रकाशाला किलोमीटरमागे सुमारे 5 मायक्रोसेकंद लागतात. लांबच्या अँटेनांचा हा उशीर जुळवणं शास्त्रज्ञांकडे. आमच्याकडे केबल.

फायबरचा गाभा जेमतेम 9 मायक्रॉनचा. आवरण सोलायचं, अल्कोहोलने पुसायचं, क्लीव्हरने टोक काटकोनात छाटायचं, मग स्प्लायसिंग मशीनमध्ये दोन्ही टोकं वितळवून जोडायची. हे सगळं बांधावर, वाऱ्याकडे पाठ करून. धुळीचा एक कण जोड वाया घालवतो. त्याहून अवघड म्हणजे तुटलेली जागा शोधणं. ओटीडीआर हे फायबरमध्ये प्रकाश सोडून तपासणारं यंत्र तुटीपर्यंतचं अंतर दाखवतं, पण ते काचेचं, वाटेचं नव्हे. प्रत्येक जॉइंटपाशी राखून ठेवलेली वेटोळी त्यातून वजा करावी लागतात. ती लिहून ठेवलेली जुनी वही मला यंत्राइतकीच मोलाची वाटते. कधी कधी वहीही उघडावी लागत नाही. ताजी माती आणि शेजारी उभा जेसीबी दिसतो.

खणणाऱ्यावर राग धरवत नाही. पाइपलाइन, विहीर, शेततळं. त्याला पाणी हवं असतं. म्हणून पारनेरपलीकडच्या हिवरे बाजारचा मला हेवा वाटतो. तिथे शेतीसाठी बोअर घ्यायला गावानेच बंदी घातली आहे. ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडते आणि पिकं त्यावर ठरतात. हे घडवून आणणाऱ्या पोपटराव पवारांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा सगळे जलसंधारणाबद्दल बोलले. मला, माझ्या धंद्यामुळे असेल, त्या गावात खोदकामाची शिस्त दिसते. माझ्या जमिनीखाली काय आहे ते फक्त माझं नाही, हे तिथे मान्य झालंय. केबलचंही तसंच. खोल पुरल्याने ती थोडीफार वाचते. वरच्या शेतकऱ्याला ती ठाऊक असेल तर जास्त वाचते. टेंडरमध्ये मात्र फक्त खोली लिहिलेली असते.

2023 पासून केंद्र सरकारचं ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप आहे. ते नसलं तरी चालेल. बांधावर ओएफसीचा, म्हणजे ऑप्टिकल फायबर केबलच्या खुणेचा दगड दिसला, तर जेसीबीवाल्याला थांबवा आणि आधी एक फोन करा.