दीड इंच

आठवड्याला तीन सुया, वर्षाला दीडशेच्या वर. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९८८मध्ये सुरू केलेल्या चाचणीतली मुलं फार बुटकी होती, पण आजारी नव्हती. वाढीचं संप्रेरक त्यांच्या अंगात तयार होत होतं. तरी काहींना तेच वरून टोचलं, काहींना नुसतं बिनऔषधाचं द्रावण. आपल्या वाट्याला काय आलंय हे मुलाला ठाऊक नाही, आईबापांनाही नाही. हे वर्षानुवर्षं.

*

त्याआधीची गोष्ट वेगळी. हे संप्रेरक मृतांच्या मेंदूतल्या पियूषिका ग्रंथींतून काढत. मिळायचं थोडं, म्हणून ज्यांच्या अंगात ते मुळातच कमी त्यांनाच द्यायचं. ते घेतलेली काही मुलं पुढे क्रॉइट्झफेल्ट-याकोब या मेंदूच्या रोगाने दगावली आणि १९८५मध्ये अमेरिकेत ते बंद झालं. त्याच वर्षी जीवाणूंकडून बनवून घेतलेलं संप्रेरक बाजारात आलं, हवं तितकं. 'आणखी कोणाला देता येईल?' हा प्रश्न तेव्हापासूनचा. टंचाई होती तोवर नीतीचं काम तीच करत होती.

*

औषध आधी मोठ्यांवर तपासावं, मग मुलांवर, असा दंडक. उंचीला तो लागू करायचा कसा? वयात आल्यावर हाडांच्या टोकांच्या वाढपट्ट्या बुजतात; मग कितीही टोचा.

*

खरी मेख अमेरिकेतल्या नियमात आहे. ज्यातून मुलाला स्वतःला काही लाभ नाही असा धोका, तोही अगदी थोडा वाढीव, घ्यायचा तर त्या मुलाला असलेल्या 'विकारा'बद्दल किंवा 'अवस्थे'बद्दल महत्त्वाचं काही कळणार असलं पाहिजे. म्हणजे द्रावणाच्या सुया टोचायच्या, तर बुटकेपणाला आधी 'अवस्था' ठरवा. १९९२मध्ये जैवतंत्रज्ञानाचे टीकाकार जेरेमी रिफ्किन यांच्या संस्थेने हरकत घेतली. चाचणी थांबली, तज्ज्ञ बसले, चाचणी पुन्हा सुरू झाली.

*

२००३मध्ये अमेरिकेत अशा मुलांसाठी औषधाला मंजुरी मिळाली. उंचीत सगळ्यात खालच्या १.२ टक्क्यांसाठी. सगळी मुलं वीतभर वाढली तरी खालचे १.२ टक्के असणारच. हा रोगी कधीच संपायचा नाही.

*

आपण हसायला नको. रविवारच्या वधू-वर जाहिरातींत शिक्षणाच्या शेजारी उंची असतेच. सरासरीपेक्षा थोडी कमी उंची म्हणजे 'अवस्था' नव्हे, पण स्थळं नाकारायला पुरते.

*

आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार संशोधनात भाग घेण्यासाठी सात ते बारा वर्षांच्या मुलाचा होकार तोंडी घ्यायचा, पुढे अठरापर्यंत लेखी. आठ वर्षांचं पोर शेजारी बाबा बसलेले असताना डॉक्टरांना 'नको' म्हणेल? आमच्या घरात तर ते पोलिओच्या थेंबालाही म्हणता येत नव्हतं.

*

त्या अमेरिकन चाचणीचा निकाल २००४मध्ये छापून आला. सरासरी फरक ३.७ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम दीड इंच. ६८ मुलांपैकी शेवटची उंची मोजता आली ती ३३ जणांची. बाकीच्यांची गळती झाली म्हणतात. त्यातली काही गाव बदलून गेली असतील. काहींनी मात्र एखाद्या संध्याकाळी सुई दिसताच हात मागे घेतला असेल, आणि त्या दिवशी घरातल्यांनीही फार आग्रह केला नसेल.