सँडविचची व्याख्या

आमच्या शाखेत एकदा युनियनने ठराव केला, की वाढदिवसाला प्रत्येकाने फक्त चहा आणि साधं बिस्किट द्यावं. उगाच कुणाच्या खिशाला चाट नको. ठराव एकमताने पास झाला. पुढच्याच सोमवारी हेडकॅशियरसाहेबांचा वाढदिवस. त्यांनी बशीत बिस्किट ठेवलं आणि बिस्किटाखाली दोन बटाटेवडे!

सेक्रेटरींनी हरकत घेतली. "वडे कसले? बिस्किट घसरू नये म्हणून टेकू दिलाय," हेडकॅशियर म्हणाले. सेक्रेटरींनी दोन्ही टेकू तपासले आणि खात्रीसाठी तिसरा मागवला.

असं फक्त आमच्याच शाखेत होतं, असा माझा समज होता. पण विमानकंपन्यांचा इतिहास वाचला आणि ऊर भरून आला.

१९४५ च्या एप्रिलमध्ये क्यूबातल्या हवाना शहरी ५७ विमानकंपन्यांनी मिळून 'आयाटा' ही संघटना काढली. भाडं किती घ्यायचं हे कंपन्या तिच्या परिषदांत बसून ठरवत आणि सरकारं त्याला मान्यता देत. १९५८ साली अटलांटिकवर स्वस्तातला इकॉनॉमी वर्ग निघाला. भाडं सगळ्यांचं एकच. मग गिऱ्हाईक ओढायचं कशाने? खाण्याने! म्हणून आधीच नियम झाला, की या वर्गाला मिळेल ते फक्त सँडविच. तेही साधं, थंड आणि स्वस्त.

आता स्कँडिनेव्हियातलं सँडविच असतं उघडं. खाली पावाची एक चकती, वर अख्खा स्वयंपाक! तिथल्या एसएएस कंपनीने तेच वाढलं. अमेरिकेची पॅन ॲम भडकली. म्हणाली, हे सँडविच नव्हे, हे जेवण! अटलांटिक ओलांडणाऱ्या कंपन्या सँडविच म्हणजे काय यावर खल करत बसल्या. शेवटी एसएएसला वीस हजार डॉलर दंड झाला. त्याच वर्षी आयाटाची वार्षिक सभा दिल्लीला भरली आणि अध्यक्ष झाले जे. आर. डी. टाटा. आमच्या वड्यांना असा अध्यक्ष लाभला नाही.

हे सगळं मी हिला रंगवून सांगितलं. ही म्हणाली, "एकमेकांच्या पानात डोकावायला संघटना कशाला हवी? शेजारी असतात की!"

तेव्हा माझ्यातला कारकून जागा झाला. याच आयाटाने १९४७ मध्ये क्लिअरिंग हाऊस सुरू केलं. प्रवाशाने एका कंपनीकडून तिकीट घ्यायचं आणि पुढचा टप्पा दुसरीच्या विमानाने जायचं. दुसरीने त्याला आधी न्यायचं, पैसे मागाहून हिशेबात. सगळ्यांची देणीघेणी एकमेकांत वळती करून उरेल तेवढाच फरक चुकता करायचा. अगदी आमच्या बँकांच्या चेकांसारखं. म्हणजे परक्याच्या सँडविचवर ज्यांचा विश्वास नव्हता, ते त्याच्या तिकिटावर बिनघोर माणूस उचलत होते! भाड्यावरची संघटनेची पकड १९७८ नंतर सैल होत गेली, सँडविच आता पुष्कळ विमानांत विकत घ्यावं लागतं. पण क्लिअरिंग हाऊस चालूच आहे.

हिला ते पटलं नाही. मला मात्र पटण्याचं कारण आहे. एका संध्याकाळी माझी कॅश नऊ हजारांनी कमी भरली. तीनतीनदा मोजली, घाम फुटला. रक्कम त्याच दिवशी भरणं भाग होतं. मी काही बोलायच्या आत हेडकॅशियरनी पाकीट काढलं. उरलेले सेक्रेटरींनी टेबलाटेबलावर फिरून जमवले. "आधी भर, मग बघू," एवढंच दोघं म्हणाले.

पैसे मी तीन महिन्यांत फेडले. पुढच्या वाढदिवसाला माझ्या बशीतही बिस्किटाला टेकू होता. सेक्रेटरींनी रीतसर हरकत घेतली आणि मग तपासायला बसले.